रिपीटर उघडत नाही, मग नेमकं काय तपासायचं?

हौशी रेडिओवाल्यांच्या, म्हणजे हॅमच्या, डीएमआर या डिजिटल पद्धतीच्या वायरलेस सेटबद्दल आलेले प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. त्यातले बरेचसे रिपीटरबद्दल, म्हणजे आपला सिग्नल ऐकून तो पुन्हा दूरवर पाठवणाऱ्या स्टेशनबद्दल आहेत. जवळजवळ सगळ्यांची अडचण सेट विकत घेतल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यातली आहे. उदाहरणं एनीटोन ८७८ या हँडीची (हातात धरायच्या सेटची) दिली आहेत, कारण विचारणाऱ्यांपैकी बहुतेकांकडे तोच आहे. टीवायटी किंवा बाओफेंगच्या डीएमआर सेटांमध्ये काही रकान्यांची नावं बदलतात, काम तेच राहतं. डब्ल्यूपीसीचा (केंद्र सरकारच्या वायरलेस विभागाचा) परवाना आणि कॉलसाइन (परवान्यासोबत मिळणारं ओळखनाव) हातात आलेली आहे असं धरूनच पुढची उत्तरं लिहिली आहेत.

प्रश्न : जुन्या एफएम सेटमध्ये फ्रिक्वेन्सी, ऑफसेट (ऐकायच्या आणि बोलायच्या फ्रिक्वेन्सीतला फरक) आणि टोन टाकला की रिपीटर लागायचा. नव्या डीएमआर हँडीत दोन्ही फ्रिक्वेन्सी टाकल्या, पण पीटीटी (बोलायचं बटण) दाबलं की लाल दिवा क्षणभर लागतो, ‘बूऽऽ’ असा जाड आवाज येतो आणि सेट गप्प होतो. सेट बदलून घ्यावा का? (एक वाचक, सातारा)

बदलू नका. सेट बिघडलेला नाही. तो जाड आवाज म्हणजे तुमच्या हँडीनं दिलेली नेमकी माहिती आहे : ‘मी हाक मारली, रिपीटरनं ओ दिली नाही.’

एफएममध्ये पीटीटी दाबलं की सेट लगेच बोलू लागतो, पलीकडे कोणी ऐकत असो वा नसो. डीएमआरमध्ये एकाच १२.५ किलोहर्ट्झच्या चॅनलवर दोन संभाषणं आळीपाळीनं चालतात. प्रत्येकाच्या वाट्याला ३० मिलिसेकंदांचा टाइम स्लॉट येतो. आपली पाळी कधी सुरू होते हे हँडीला स्वतःहून कळत नाही, कारण घड्याळ रिपीटरकडे असतं. म्हणून पीटीटी दाबताच हँडी आधी एक छोटासा जागं करणारा संदेश रिपीटरच्या इनपुटवर पाठवतो. रिपीटर उठतो आणि त्याच्या आउटपुटवर ठोका चालू होतो. हँडी तो ठोका पकडतो, बोलायला परवानगी असल्याचा बारीक ‘टिडिंग’ वाजवतो, आणि मग तुमचा आवाज जायला लागतो. हे सगळं एका सेकंदाच्या आत होतं. यातला एक दुवा तुटला की ‘बूऽऽ’.

तो परवानगीचा टोन काही सेटांत बंद असतो. तो आधी चालू करा. त्याशिवाय पुढची तपासणी म्हणजे अंधारात चाचपडणं.

आता कारणं, ज्या क्रमानं ती आढळतात त्या क्रमानं. सगळ्यात जास्त वेळा फ्रिक्वेन्सी उलट्या भरलेल्या असतात. रिपीटरच्या यादीत ‘आउटपुट’ आणि ‘इनपुट’ हे रिपीटरच्या बाजूनं लिहिलेलं असतं. रिपीटरचं आउटपुट म्हणजे तुमची रिसीव्ह फ्रिक्वेन्सी. केवळ हिशेबासाठी एक आकडा घेऊ : रिपीटरचं आउटपुट १४५.६५० मेगाहर्ट्झ आणि ऑफसेट उणे ६०० किलोहर्ट्झ असेल, तर रिसीव्हच्या रकान्यात १४५.६५० आणि ट्रान्समिटच्या रकान्यात १४५.०५० यायला हवं. उलट भरलंत तर रिपीटर उघडणार नाहीच, शिवाय त्याच्या आउटपुटवरच तुमचं प्रक्षेपण जाऊन आजूबाजूचे ऐकणारे हैराण होतील. यूएचएफवर ऑफसेट जागोजागी वेगळा असतो. तो अंदाजानं टाकू नका, रिपीटर चालवणाऱ्यांना विचारा.

दुसरं कारण कलर कोड. हा ० ते १५ मधला आकडा एफएमच्या सबटोनचं (रिपीटर उघडणाऱ्या टोनचं) काम करतो, पण जास्त काटेकोरपणे. तो चुकला तर रिपीटर तुमची हाक आपली मानतच नाही. बहुतेक ठिकाणी १ असतो आणि सेटमध्येही मुळात १ च भरलेला येतो, त्यामुळे ज्या रिपीटरचा कोड वेगळा आहे तिथेच माणूस अडकतो.

तिसरं, तुम्ही पोचत नाही. डोंगरावरचा रिपीटर उंच अँटेनातून, जास्त पॉवरनं बोलतो आणि तुमचा हँडी ५ वॉटवर छोट्या रबरी अँटेनातून. रिपीटर ऐकू येतो म्हणजे आपणही त्याला ऐकू जातो, हा समज सोडून द्या. गच्चीवर जा, पॉवर ‘हाय’ करा, हँडी तोंडाजवळ उभा धरा आणि पुन्हा पीटीटी दाबा. तिथे ‘टिडिंग’ वाजलं तर प्रोग्रॅमिंग बरोबर आहे आणि खर्च अँटेनावर करायचा आहे. १४५ मेगाहर्ट्झसाठी पाव तरंगलांबीची अँटेना साधारण ४९ सेंटिमीटर लांब होते. सोबत मिळालेली आखूड दोन-बँडी अँटेना त्याच्या जवळपासही जात नाही.

आणि एक साधं कारण : तुमच्या स्लॉटवर दुसरं कोणी बोलत असेल तरीही हाच आवाज येतो. ‘टीएक्स परमिट’ या रकान्यात (टीवायटीमध्ये ‘अ‍ॅडमिट क्रायटेरिया’) रिपीटरसाठी ‘सेम कलर कोड’ ठेवा, टीवायटीत ‘कलर कोड फ्री’. ‘ऑलवेज’ ठेवलं तर सेट कधी अडवणार नाही हे खरं, पण तुम्ही दुसऱ्याच्या बोलण्यावर चढाल आणि ते तुम्हाला कळणारही नाही.

भरण्याचा क्रम सांगतो, कारण उलट क्रमानं भरलं की रकाने रिकामे दिसतात. संगणकावरच्या सीपीएस या सेट भरायच्या सॉफ्टवेअरमध्ये आधी ‘रेडिओ आयडी लिस्ट’मध्ये स्वतःचा सात आकडी आयडी (डीएमआरमधला तुमचा ओळख क्रमांक) आणि कॉलसाइन. मग ‘टॉक ग्रुप्स’मध्ये हवे ते टॉकग्रुप, म्हणजे आकड्यानं ओळखले जाणारे बोलणाऱ्यांचे गट. मग ‘रिसीव्ह ग्रुप’च्या यादीत त्यातले जे ऐकायचे आहेत ते. त्यानंतर ‘चॅनल’ : प्रकार डिजिटल, दोन्ही फ्रिक्वेन्सी, रुंदी १२.५, कलर कोड, स्लॉट, कॉन्टॅक्ट म्हणून टॉकग्रुप, रिसीव्ह ग्रुप आणि टीएक्स परमिट. शेवटी तो चॅनल एखाद्या ‘झोन’मध्ये, म्हणजे चॅनलच्या गटात, टाका. झोनमध्ये न टाकलेला चॅनल सेटवर फिरवून कधीच सापडत नाही, आणि ‘राइट झालं पण चॅनल आलाच नाही’ या तक्रारीचं कारण जवळपास नेहमी हेच असतं.

प्रश्न : हिरवा दिवा लागतो, स्क्रीनवर कधी कधी कॉलसाइनही दिसते, पण स्पीकरमधून चकार शब्द नाही. व्हॉल्यूम पूर्ण आहे. (एक वाचिका, ठाणे)

हिरवा दिवा म्हणजे चॅनलवर सिग्नल आहे. आवाज उघडायचा की नाही हे सेट तीन गोष्टी पाहून ठरवतो : कलर कोड, स्लॉट आणि टॉकग्रुप. यातलं एक जरी जुळलं नाही तरी तो गप्प राहतो. रिपीटर स्लॉट १ वर स्थानिक गप्पा आणि स्लॉट २ वर जोडलेला टॉकग्रुप चालवत असेल आणि तुमचा चॅनल चुकीच्या स्लॉटवर असेल, तर दिवा लागत राहील आणि आवाज येणार नाही.

शोधायची सोपी रीत आहे. ‘डिजिटल मॉनिटर’ हे काम एखाद्या पीएफ बटणावर (हवं ते काम नेमता येणाऱ्या बटणावर) नेमून द्या. त्यात ‘सिंगल स्लॉट’ निवडल्यावर टॉकग्रुपची अट सुटते, ‘डबल स्लॉट’ निवडल्यावर स्लॉटचीही. सिंगलवर आवाज आला तर तुमच्या रिसीव्ह ग्रुपमध्ये तो टॉकग्रुप नाही. डबलवरच आला तर स्लॉट चुकला आहे. डबलवरही नाही आला तर कलर कोडकडे पाहा. स्क्रीनवर टॉकग्रुपचा आकडा दिसतोच, तो टिपून यादीत घाला.

काम झालं की मॉनिटर बंद करा. तो कायम चालू ठेवणारे लोक नंतर ‘माझ्या टॉकग्रुपवर भलतेच आवाज येतात’ म्हणून विचारतात.

प्रश्न : मी एका टॉकग्रुपवर उत्तर देतो आणि ते भलत्याच टॉकग्रुपवर जातं. चॅनल तर बदललेला नसतो. (एक वाचक, नाशिक)

हा ‘ग्रुप कॉल हँग टाइम’चा परिणाम. तुमच्या रिसीव्ह ग्रुपमध्ये चार टॉकग्रुप आहेत असं समजा. त्यातल्या तिसऱ्यावरून कोणी बोललं आणि ते थांबताच तुम्ही पीटीटी दाबलंत, तर सेटला वाटतं तुम्हाला त्यालाच उत्तर द्यायचं आहे. हँग टाइम संपेपर्यंत तो चॅनलला नेमलेल्या टॉकग्रुपऐवजी आलेल्या टॉकग्रुपवर बोलतो. ही सोय आहे, पण वेळ लांब ठेवली की घोटाळा होतो. ३ ते ५ सेकंद पुरे. त्याहून चांगलं म्हणजे प्रत्येक टॉकग्रुपसाठी वेगळा चॅनल करा आणि त्याच्या रिसीव्ह ग्रुपमध्ये तेवढा एकच टॉकग्रुप ठेवा. चॅनलची संख्या वाढते, पण ८७८ मध्ये ४,००० चॅनलची जागा आहे, काटकसर करायचं कारण नाही.

याच पत्रात त्यांनी विचारलं आहे की कोणते टॉकग्रुप भरावेत. रिपीटर ब्रँडमायस्टर या, इंटरनेटवरून रिपीटर जोडणाऱ्या जाळ्याला जोडलेला असेल तर ९ हा स्थानिक, ४०४ भारताचा, ९१ जगाचा. ४०४ हा भारताचा मोबाइल देश-संकेतांक आहे, म्हणून टॉकग्रुपलाही तोच आला आणि भारतीय हॅमच्या आयडीची सुरुवातही त्यानंच होते. ९९९० हा पोपट आहे : तुम्ही बोललेलं रेकॉर्ड करून तुम्हालाच ऐकवतो. तो ‘ग्रुप कॉल’ नव्हे तर ‘प्रायव्हेट कॉल’ म्हणून भरायचा, इथे बरेच जण चुकतात. ४००० वर पीटीटी दाबलं की तुम्ही जोडलेला टॉकग्रुप सुटतो.

रिपीटरवर काही टॉकग्रुप कायमचे जोडलेले असतात, काही पीटीटी दाबल्यावर तात्पुरते जोडले जातात आणि कोणी बोललं नाही तर काही मिनिटांनी आपोआप सुटतात. ‘४०४ वर शांतता आहे’ असं वाटणाऱ्यानं आधी कॉलसाइन देऊन एकदा तो जोडून घ्यावा. मात्र तुम्ही जोडलेला टॉकग्रुप त्या रिपीटरच्या सगळ्या वापरणाऱ्यांचा स्लॉट व्यापतो. ९१ वर हात ठेवून निघून जाणं म्हणजे गावच्या पाणवठ्याचा नळ उघडा सोडणं. निघताना ४००० दाबा.

प्रश्न : मित्राने त्याचा तयार कोडप्लग (सेटमध्ये भरायच्या सगळ्या माहितीची फाइल) दिला. तो जसाच्या तसा टाकला तर चालेल का? (एक वाचक, कोल्हापूर)

चालेल, आणि तोच धोका आहे. त्या फाइलमध्ये मित्राचा आयडी आहे. तुम्ही बोलाल तेव्हा जगभरच्या स्क्रीनवर त्याची कॉलसाइन झळकेल. डीएमआरमध्ये तुमची ओळख आवाजाआधी आकड्यानं पोचते. त्यामुळे आयडी हा कॉलसाइनइतकाच जपून वापरायचा असतो. तो रेडिओआयडी डॉट नेट या संकेतस्थळावर परवान्याची प्रत देऊन विनामूल्य मिळतो. एका कॉलसाइनला एक आयडी पुरतो, घरचा सेट आणि हँडी दोन्हीत तोच टाका. नवा आयडी मिळाल्या मिळाल्या नेटवर्क ओळखत नसेल तर घाबरू नका, यादी सगळीकडे पसरायला थोडा वेळ जातो. तोवर रिपीटर उघडतो, ‘टिडिंग’ही वाजतो, पण पोपट उत्तर देत नाही.

दुसऱ्याची फाइल टाकायच्या आधी तुमच्या सेटमधली मूळ फाइल ‘रीड’ करून वेगळ्या नावानं जपून ठेवा. नंतर काही बिघडलं तर परतीची वाट तीच. मॉडेल तेच असलं तरी फर्मवेअरची (सेटच्या आतल्या सॉफ्टवेअरची) आवृत्ती वेगळी असू शकते, आणि सीपीएसची आवृत्ती फर्मवेअरशी जुळावी लागते. न जुळणाऱ्या जोडीनं लिहिलं की रकाने सरकतात, चॅनल अर्धवट येतात. सेटच्या मेनूत फर्मवेअरचा आकडा पाहा आणि त्याच्याच सोबतचा सीपीएस उतरवा.

संगणक सेट ओळखत नसेल तर तीन गोष्टी : केबल पूर्ण आत दाबलेली नाही (प्लगची कड बॉडीला टेकेपर्यंत दाबावी लागते), ड्रायव्हर बसलेला नाही, किंवा सीपीएसमध्ये चुकीचा कॉम पोर्ट निवडला आहे. लिहिताना बॅटरी भरलेली हवी.

जगभरच्या हॅमची नावांची यादी टाकायची असेल तर ती सगळ्यात शेवटी टाका. लाखो ओळी लिहायला बराच वेळ लागतो. चॅनलमध्ये रोज फेरफार करत असताना ती यादी पुन्हा पुन्हा लिहिण्यात काही अर्थ नाही. राइट करताना सीपीएस विचारतो, तिथे ‘डिजिटल कॉन्टॅक्ट’समोरची खूण काढून टाका. यादी नसली तरी बोलणं अडत नाही, फक्त नावाऐवजी आकडा दिसतो.

प्रश्न : एन्क्रिप्शनचा पर्याय सेटमध्ये आहे. मित्रांमधल्या गप्पांसाठी वापरू का? (एक वाचक, सोलापूर)

नाही. अर्थ लपवण्यासाठी सांकेतिक केलेलं प्रक्षेपण हॅम बँडवर चालत नाही, हा आंतरराष्ट्रीय नियम आहे. तो पर्याय बंदच ठेवा. चुकून चालू राहिला तर समोरच्याला गुरगुर ऐकू येते आणि दोष मात्र अँटेनाला दिला जातो.

प्रश्न : समोरचे म्हणतात आवाज रोबोटसारखा तुटतो. सिग्नलच्या कांड्या मात्र पूर्ण असतात. (एक वाचक, रत्नागिरी)

तुटक आवाजाची दोन वेगळी कारणं असतात आणि उपाय उलटसुलट केले जातात.

पहिलं, बिट हरवतात. एफएममध्ये सिग्नल कमी झाला की खरखर वाढते आणि कान सावध होतो. डिजिटलमध्ये आवाज शेवटपर्यंत स्वच्छ राहतो आणि मग एकदम कोसळतो. कोकणात, घाटाच्या पायथ्याशी, एकच सिग्नल समोरून आणि डोंगरावर आपटूनही येतो. कांड्या पूर्ण दिसतात, पण दोन वाटांनी आलेले तुकडे एकमेकांत मिसळून बिट चुकतात. अशा वेळी पॉवर वाढवून काही होत नाही, एक फूट बाजूला सरका. व्हीएचएफची तरंगलांबी साधारण २ मीटर आणि यूएचएफची ७० सेंटिमीटरच्या आसपास, त्यामुळे एवढ्याशा हालचालीनंही चित्र पालटतं. चालत बोलू नका, जागा सापडली की उभं राहा. गाडीतून बोलत असाल तर हँडीऐवजी छतावरची अँटेना लागते.

दुसरं, बिट नीट पोचतात पण आत गेलेला आवाजच वाईट असतो. डीएमआरचा कोडेक (आवाजाचे बिट करणारा भाग) तुमचा आवाज सेकंदाला २,४५० बिटमध्ये बसवतो. तो माणसाच्या बोलण्यासाठी घडवलेला आहे. पंखा, पाऊस, कुकरची शिट्टी, वाऱ्याचा झोत हे त्याला बोलणंच वाटतं आणि शब्दांचे लचके तुटतात. माइक तोंडापासून ५ ते ८ सेंटिमीटरवर, थोडा तिरका धरा, नेहमीच्या आवाजात बोला. ओरडून फायदा नाही, माइक गेन जास्त असेल तर आवाज आतच फाटतो. गेन मधल्या पायरीवर ठेवा, ९९९० वर दहा सेकंद बोला, ऐका, एक पायरी बदला, पुन्हा ऐका. आणि पीटीटी दाबल्यावर ‘टिडिंग’ होईपर्यंत थांबा. पहिलं अक्षर गिळलं जातं ही तक्रार घाईची आहे, सेटची नाही.

कारण कोणतं हे ओळखायचं असेल तर त्याच जागेवरून पोपटावर दोनदा बोला : एकदा खिडकी लावून शांत खोलीत, एकदा पंख्याखाली. दोन्ही वेळा सारखंच तुटलं तर बिटचा प्रश्न.

प्रश्न : आमच्या गावातून कुठलाच डीएमआर रिपीटर लागत नाही. घरी हॉटस्पॉट (हँडीला इंटरनेटवरून डीएमआरच्या जाळ्याशी जोडणारी छोटी डबी) लावला आहे, पण तो कधी ऐकतो, कधी नाही. (एक वाचक, छत्रपती संभाजीनगर)

इंटरनेटला जोडलेलं स्टेशन तुमच्या परवान्याच्या अटींत बसतं का, हे आधी परवाना वाचून पक्कं करा. मग फ्रिक्वेन्सी. भारतात यूएचएफवर आपल्याला ४३४ ते ४३८ मेगाहर्ट्झ आहे. त्यातला ४३५ ते ४३८ हा भाग हॅम उपग्रहांचा आहे. तुमच्या दहा मिलिवॉटच्या डबीनं उपग्रहाचं काय बिघडणार असं वाटेल, पण शेजारच्या गच्चीवर अँटेना धरून कुजबुजता सिग्नल पकडणाऱ्याचं नक्की बिघडतं. शिवाय तुमचा हँडी ५ वॉट सोडतो. म्हणून ४३४ आणि ४३५ च्या मधली जागा घ्या, ती मोकळी आहे ना हे ऐकून बघा आणि तिथेच राहा.

साधा एक-अँटेनाचा एमएमडीव्हीएम प्रकारचा हॉटस्पॉट असेल तर हँडीत रिसीव्ह आणि ट्रान्समिट एकच फ्रिक्वेन्सी, स्लॉट २, कलर कोड हॉटस्पॉटमध्ये टाकलाय तोच, टीएक्स परमिट ‘ऑलवेज’. ब्रँडमायस्टरला जोडण्यासाठी त्यांच्या संकेतस्थळावर स्वतःच्या खात्यात हॉटस्पॉटचा पासवर्ड ठरवून तोच पाय-स्टार या हॉटस्पॉटच्या सॉफ्टवेअरमध्ये भरावा लागतो. घरात दोन हॉटस्पॉट असतील तर आयडीच्या शेवटी दोन आकडे जोडून नऊ आकडी करा, नाहीतर ते एकमेकांना ढकलून बाहेर काढतात.

‘कधी ऐकतो, कधी नाही’ याचं मूळ मात्र हॉटस्पॉटची फ्रिक्वेन्सी ठरवणाऱ्या क्रिस्टलमध्ये आहे. डीएमआरचा सिग्नल मधल्या फ्रिक्वेन्सीच्या दोन्ही बाजूंना ६४८ आणि १,९४४ हर्ट्झ अशा चार जागांवर उड्या मारतो. हॉटस्पॉटचं क्रिस्टल दशलक्षात फक्त १ भागानं चुकलं तरी ४३५ मेगाहर्ट्झवर ती चूक ४३५ हर्ट्झ होते. म्हणजे आतल्या उडीच्या अंतराच्या दोनतृतीयांश. चार जागा एकमेकींत मिसळू लागतात. स्वस्त बोर्डावर चूक याहून जास्त असते.

उपाय असा : हँडी ‘लो’ पॉवरवर, हॉटस्पॉटपासून निदान दोन-तीन मीटर दूर. जवळून बोललात तर त्याचा रिसीव्हर गुदमरतो आणि आकडे खोटे येतात. पाय-स्टारच्या पानावर बीईआरचा (चुकलेल्या बिटच्या टक्केवारीचा) रकाना उघडा ठेवून १५ सेकंद बोला. एक्स्पर्ट विभागात एमएमडीव्हीएमहोस्टच्या मांडणीत ‘आरएक्स ऑफसेट’ आहे, तो १०० हर्ट्झनं बदला, सेव्ह करा, पुन्हा बोला. बीईआर वाढला तर उलट दिशेला जा. १ टक्क्याच्या खाली आला की थांबा. काही बोर्डांवर निर्मात्यानं हा ऑफसेट चिटकवून दिलेला असतो, सुरुवात तिथून करा. बहुधा तोच आकडा ‘टीएक्स ऑफसेट’लाही लागतो. हे करताना बोर्ड निदान अर्धा तास चालू असू द्या, थंड क्रिस्टलवर जुळवलेला ऑफसेट गरम झाल्यावर सरकतो. आपल्याकडे मे महिन्यात जुळवलेला आकडा डिसेंबरात एकदा पुन्हा तपासावा.

प्रश्न : मी न्यू जर्सीत असतो, तिथली कॉलसाइन आहे. दिवाळीत पुण्याला येताना हँडी आणला तर तिथलाच कोडप्लग चालेल का? (एक वाचक, एडिसन)

तिथला परवाना इथे आपोआप चालत नाही. भारतात प्रक्षेपणासाठी इथली परवानगी लागते, ती निघण्याआधी हातात हवी. कोडप्लग तर मुळीच चालणार नाही. अमेरिकेत यूएचएफ रिपीटर बहुधा ४४० ते ४५० मेगाहर्ट्झमध्ये आणि ५ मेगाहर्ट्झच्या ऑफसेटवर असतात. ती जागा भारतात हॅमची नाही. व्हीएचएफही तिथे १४८ पर्यंत आहे, इथे १४६ ला संपतं. सीपीएसमध्ये भारतासाठी वेगळी फाइल करा, तिथले चॅनल त्यात ठेवूच नका, आणि विमानतळावर बॅटरी सेटपासून वेगळी करून हातातल्या सामानात ठेवा.

परवानगी वेळेत मिळाली नाही तरी घरच्यांशी गाठ पडू शकते. एडिसनहूनच, तिथल्या रिपीटरवर टॉकग्रुप ४०४ जोडून घ्या. भारतात रात्रीचे नऊ वाजतात तेव्हा तुमच्याकडे उन्हाळ्यात सकाळचे साडेअकरा आणि हिवाळ्यात साडेदहा वाजलेले असतात. दोन्हीकडची माणसं जागी असतात ती हीच वेळ.